काचेचा महाल : व्यसनी घरातील मुलांची गोष्ट

आरोग्याच्या सदरात पुस्तकाचा विषय कसा, असे काही वाचकांना वाटेल. आतापर्यंत या जागेत आपण कावीळ, रक्तदाब, मधुमेह, लहान मुलांचे जुलाब अशा विषयांवर बोललो. पण काही दुखणी तपासणीच्या टेबलावर सापडत नाहीत. नाडी पाहून ती कळत नाहीत, रक्त-लघवी तपासूनही कळत नाहीत. ती घराच्या चार भिंतींच्या आत असतात आणि घरातलीच माणसे ती झाकून ठेवतात. दारू पिणारा बाप आणि संसारातून मन काढून घेतलेली आई यांच्या घरात वाढणारे मूल हे असेच एक झाकलेले दुखणे आहे. त्याच्या मनात काय चालते हे विचारून कळत नाही, कारण ते सांगत नाही. पुढे मोठेपणी अशांपैकी एखादे लिहिते, तेव्हा कुठे आपल्याला आत डोकावता येते. म्हणून आजचा धडा एका आत्मकथनावरून.

पुस्तक काय सांगते?

पुस्तकाचे नाव ‘द ग्लास कॅसल’, म्हणजे काचेचा महाल. लेखिका जेनेट वॉल्स. ही बाई अमेरिकेत पत्रकार होती. जन्म १९६० चा. पुस्तक २००५ साली प्रसिद्ध झाले, खूप खपले आणि २०१७ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला.

जेनेटच्या वडिलांचे नाव रेक्स. माणूस विलक्षण हुशार. विजेच्या कामात तरबेज, गणित आणि विज्ञानाची आवड, गोष्टी सांगण्यात पटाईत. एका नाताळात मुलांना भेटवस्तू द्यायला पैसे नव्हते, तेव्हा त्याने एकेका मुलाला बाहेर वाळवंटात नेले आणि आकाशातील एकेक तारा भेट म्हणून निवडायला सांगितला. जेनेटने शुक्र निवडला. असा बाप कुणाला आवडणार नाही? पण हाच माणूस दारू प्यायला बसला की घरातील वस्तू फुटत, पगार संपे, नोकरी जाई. मग बिऱ्हाड पाठीवर घेऊन रातोरात दुसऱ्या गावी पळायचे. नेवाडा, ॲरिझोना अशा राज्यांतील अनेक गावे मुलांनी पाहिली. शेवटी सारे वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील वेल्च या कोळशाच्या खाणींच्या गावी, रेक्सच्या मूळ गावी, येऊन पडले.

आई रोझ मेरी चित्रकार. शिक्षिकेची पात्रता तिच्याकडे होती, पण नोकरी तिला नकोशी वाटे. स्वयंपाक केला तर तो तासाभरात संपतो, चित्र मात्र कायम राहते, असा तिचा विचार. चार मुले स्वतःच्या पोटापाण्याचे पाहत. जेनेट तीन वर्षांची असताना एकटी गॅसजवळ उभी राहून सॉसेज उकडत होती. तिच्या झग्याने पेट घेतला. सहा आठवडे ती रुग्णालयात होती आणि अंगावर दुसरीकडची कातडी काढून लावावी लागली. शेवटी बापाने बिल न भरता तिला गुपचूप उचलून नेले. घरी आल्यावर ती पुन्हा एकटीच गॅसपाशी उभी राहिली, आणि आईला त्यात कौतुकच वाटले.

काचेचा महाल ही बापाची योजना. सूर्याच्या उष्णतेवर चालणारे संपूर्ण काचेचे घर तो मुलांसाठी बांधणार होता. नकाशे तयार होते. वेल्चला आल्यावर जेनेट आणि तिच्या भावाने घराशेजारी पायासाठी मोठा खड्डा खणायला घेतला. पुढे कचरा उचलणाऱ्यांना द्यायला पैसे नाहीत म्हणून त्याच खड्ड्यात घरचा कचरा टाकला जाऊ लागला. व्यसनी माणसाच्या घरातील आश्वासनांचे पुढे काय होते, हे यापेक्षा नेमके सांगता येणार नाही.

ही केवळ गरिबीची कथा नव्हे

मराठी वाचकाला हालअपेष्टांची आत्मकथने नवीन नाहीत. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० चे. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचे पोर’ १९९४ चे. त्या पुस्तकांतील उपासमार ही समाजाने लादलेली आहे. आईबापांना पुष्कळदा दुसरा मार्गच नव्हता.

वॉल्स यांच्या घरात वेगळे चित्र दिसते. तिथे बुद्धी होती, शिक्षण होते आणि वारशाने आलेली मालमत्ताही होती. आईच्या नावावर टेक्सासमध्ये जमीन होती, आणि तिची किंमत सुमारे दहा लाख डॉलर असावी, हे मुलीला मोठेपणी कळले. तोवर तीच मुलगी शाळेत इतर मुलांनी टाकलेले डबे कचऱ्याच्या पिंपातून काढून स्वच्छतागृहात लपून खात होती. एकदा घरात अन्नाचा कण नसताना आई पांघरुणाखाली लपून चॉकलेट खाताना मुलांनी पकडली. आई रडली आणि म्हणाली की, तुमच्या वडिलांना जशी दारूची सवय तशी मला साखरेची.

यावरून वैद्यकीय दृष्टीने एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुलाची आबाळ नेहमी पैशाच्या अभावी होते असे नाही. घरात फ्रीज आहे, मोटारसायकल आहे, इंग्रजी शाळेची फी भरली जाते, तरीही मूल आबाळीत असू शकते. रात्री कोण कोणत्या अवस्थेत घरी येईल याची धास्ती घेऊन जे मूल झोपते त्याची आबाळ होत आहे, असे मी मानतो.

दोर बांधून सोडलेली दारू

पुस्तकातील एक प्रसंग प्रत्येक व्यसनी घराने वाचावा असा आहे. जेनेटच्या दहाव्या वाढदिवसाला वडिलांनी विचारले, तुला काय हवे? ती म्हणाली, तुम्ही दारू सोडा. बापाने मनावर घेतले. स्वतःला खोलीत कोंडून घेतले आणि पलंगाला बांधून घेतले. कित्येक दिवस तो थरथरत, ओरडत, नसलेल्या गोष्टी पाहत पडला होता. मुले हे सर्व ऐकत होती. तो त्यातून वाचला आणि काही महिने दारूपासून दूरही राहिला. मग सर्व कुटुंब ग्रँड कॅन्यन पाहायला निघाले, वाटेत गाडी बंद पडली, आणि परत आल्यावर बाटली पुन्हा सुरू झाली.

येथे दोन धडे आहेत. पहिला धडा जिवाचा आहे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी एकदम दारू तोडणे धोक्याचे असते. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, झोप न लागणे ही लक्षणे सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. किडे दिसतात, आवाज ऐकू येतात, दिवस-रात्रीचे भान जाते, ताप आणि नाडी वाढते. या अवस्थेत उपचार न मिळाल्यास मृत्यूही येऊ शकतो. अशा रोग्याला देवऋषाकडे नेऊ नये, दोराने बांधूनही ठेवू नये. रुग्णालयात न्यावे. तेथे योग्य औषधांनी हा काळ सुखरूप पार पाडता येतो. शिवाय ‘ब-१’ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात, कारण त्याच्या अभावी दारुड्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

दुसरा धडा मनाचा. शरीरातून दारू निघून गेली म्हणजे व्यसन गेले असे होत नाही. ती केवळ पहिली पायरी. पुढे समुपदेशन, औषधे, घरच्यांचे शिक्षण आणि त्याच वाटेने गेलेल्या माणसांची सोबत लागते. रेक्सला यांपैकी काहीच मिळाले नाही. त्याच्याजवळ होती फक्त इच्छाशक्ती आणि लेकीचे प्रेम. या दोन्ही गोष्टी थोर आहेत, पण जुनाट आजारावर त्या पुरत नाहीत. म्हणूनच ‘माझ्यावर खरे प्रेम असेल तर सोडाल’ असे मुलाने बापाला म्हणू नये, आणि मुलाच्या तोंडून मोठ्यांनी ते वदवूनही घेऊ नये. बाप पुन्हा प्यायला की मूल त्याचा अर्थ एकच लावते : माझे प्रेम कमी पडले.

मूल आईबाप होते तेव्हा

वॉल्स यांच्या घरातील मुले वयाच्या मानाने फार लवकर शहाणी झाली होती. आई काही काळ शिकवायला जाऊ लागली तर मुलेच तिला सकाळी उठवत. घरखर्चाचा हिशोब जेनेट करी. धाकट्या बहिणीला सगळे मिळून सांभाळत. बापाला शोधून घरी आणायचे कामही पोरांचेच. एका नातेवाइकाने अंगचटीला जाण्याचा प्रयत्न केल्याचे जेनेटने आईला सांगितले, तेव्हा आईने ते हलक्यावर घेतले आणि त्या माणसाचीच कीव केली. म्हणजे ज्यांनी सांभाळायचे त्यांनाच मुलांनी सांभाळायचे, असा उलटा संसार.

अशी मुले आपल्याकडेही कमी नाहीत. त्यांना ‘किती समजूतदार पोर’ असे सर्टिफिकेट मिळते. माझ्याकडे एक मुलगी पोटदुखीसाठी तीन-चार वेळा आली होती. (तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सोनोग्राफी झाली, रक्त तपासले, सर्व काही ठीक. बोलता बोलता कळले की, तिला दुसऱ्या शहरात नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे आणि जाण्याची तारीख जवळ आल्यापासून पोट दुखते आहे. मी विचारले, ‘जायचे नाही का तुला?’ ती म्हणाली, ‘जायचंय सर. पण मी गेले तर रात्री बाबांना दार कोण उघडणार? आई उघडत नाही, आणि भाऊ लहान आहे.’

अठरा वर्षांच्या मुलीच्या पोटात हे दुखत होते. तिला मी जे सांगितले ते येथे लिहितो, कारण तिच्यासारखी आणखी कुणी हे वाचत असेल. व्यसनी माणसांच्या नातेवाइकांसाठी अल-अनॉन नावाची संघटना १९५१ साली अमेरिकेत सुरू झाली. त्यांच्याकडे नवीन आलेल्या माणसाला प्रथम तीन गोष्टी समजावतात. हे व्यसन तुझ्यामुळे लागलेले नाही. ते तुझ्या ताब्यात येणार नाही. आणि ते बरे करणे तुझ्या हातात नाही. यात निर्दयपणा मुळीच नाही. जे ओझे आपले नव्हे ते खाली ठेवायला दिलेली ती परवानगी आहे.

जेनेट सतराव्या वर्षी न्यूयॉर्कला निघून गेली. तिथे जाण्यासाठी बहिणींनी गल्ल्यात साठवलेले पैसे आधी एकदा बापाने गल्ला फोडून नेले होते. तरी त्यांनी पुन्हा जमवाजमव केली. मोठी बहीण आधी गेली, मग जेनेट गेली, मागून भाऊ आणि धाकटी यांनाही त्यांनी बोलावून घेतले. निघण्याच्या दिवशी तोच बाप तिची बॅग घेऊन बसथांब्यापर्यंत आला आणि स्वतःचा आवडता चाकू तिला दिला. पुढे महाविद्यालयाची फी भरायला तिला हजार डॉलर कमी पडत होते, तेव्हा जुगारात जिंकलेले साडेनऊशे डॉलर त्याने आणून दिले. मुलगी दूर गेली म्हणून नाते तुटले नाही. उलट थोड्या अंतरावरून तिला बापाकडे नीट पाहता आले. त्या नर्सिंगच्या मुलीला मी हेच सांगितले : शिकायला जाणे म्हणजे बापाला टाकणे नव्हे. दार उघडण्याचा प्रश्न घरातील मोठ्या माणसांचा आहे. आईला आणि काकांना मी बोलावून घेतले, आणि मुलगी ठरल्या दिवशी गेली.

बालपणाचा हिशोब शरीर ठेवते

आता थोडे शास्त्र. अमेरिकेतील डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सॅन डिएगो शहरातील एका आरोग्य योजनेच्या सभासदांना त्यांच्या अठराव्या वर्षापूर्वीच्या आयुष्याबद्दल प्रश्न विचारले होते. पहिल्या अहवालात साडेनऊ हजारांहून अधिक लोकांची उत्तरे होती आणि पुढे ही संख्या सतरा हजारांवर गेली. घरात मारहाण होती का, अपमान होत होता का, लैंगिक छळ झाला का, आबाळ झाली का, कुणाला दारूचे वा अन्य व्यसन होते का, मानसिक आजार होता का, आईला मार बसत होता का, कुणी तुरुंगात होते का, आईवडील विभक्त झाले का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते.

निम्म्याहून अधिक लोकांनी किमान एका प्रश्नाला ‘होय’ म्हटले. आणि हे लोक झोपडपट्टीतील नव्हते, बहुतेक सुस्थितीतील होते. ज्यांच्या वाट्याला असे चार किंवा अधिक अनुभव आले, त्यांच्यात दारूचे व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या मानाने, चार ते बारा पट आढळला. हृदयविकार, फुप्फुसाचे जुनाट विकार आणि कर्करोग यांचे प्रमाणही अशा अनुभवांबरोबर वाढत गेलेले दिसले.

हे कसे घडते? संकट आले की आपल्या शरीरात ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल अशी संप्रेरके वाढतात. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, पळायला किंवा लढायला अंग तयार होते. संकट टळले की सारे पूर्ववत. कुत्रा मागे लागला तर ही सोय उत्तम. पण ज्या घरात रोज संध्याकाळी कुत्रा मागे लागतो, तेथे शरीराची ही घंटा बंदच होत नाही. वाढत्या वयात मेंदू, झोप, प्रतिकारशक्ती या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. पुढे मन शांत करायला सिगारेट, दारू, अति खाणे असे सोपे उपाय हाताशी लागतात आणि त्यांतून नवे आजार येतात. शिवाय दारूच्या व्यसनाचा कल काही अंशी आनुवंशिकही असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून तो भाग साधारण निम्मा मानतात. म्हणून व्यसनी घरातील मुलाने ‘एखादा पेग घेतला तर काय बिघडते’ हा प्रयोग स्वतःवर न केलेला बरा.

मात्र हे आकडे समूहाचे आहेत. कुणा एकाच्या कपाळावर ते लिहिलेले नसतात. त्याचाही पुरावा आहे. हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघींनी अनेक दशके केला. गरिबी, भांडणे, व्यसन, मानसिक आजार अशा घरांत वाढलेल्या, जास्त धोक्यातील मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे समर्थ, प्रेमळ, कामधंद्यात स्थिर अशी माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात काय वेगळे होते? एक मुख्य गोष्ट अशी की, आजी, मावशी, शिक्षक, शेजारी असे किमान एक तरी भरवशाचे मोठे माणूस त्यांना लाभले होते.

जेनेटच्या पुस्तकात हे माणूस शोधा म्हणजे सापडेल. शाळेचे एक वर्तमानपत्र होते आणि ते चालवणाऱ्या एक शिक्षिका होत्या. तिथे जेनेटला काम मिळाले, ऊब मिळाली आणि आपण पुढे काय व्हायचे याचे उत्तरही मिळाले. दुसरा आधार भावंडांचा. आणि तिसरा, हेही मान्य करायला हवे, बापाने दिलेली वाचनाची आणि गणिताची गोडी.

वाचताना तीन पथ्ये

अशी पुस्तके औषधासारखी असतात. पथ्य सांभाळले तर गुण येतो.

पहिले पथ्य : ‘हाल सोसले म्हणून ती मोठी झाली’ असा निष्कर्ष काढू नये. जी मुले वाचली त्यांची पुस्तके निघतात. जी बुडाली त्यांची निघत नाहीत. याच घरातील धाकटी बहीण सहज सावरली नाही, तिला मानसोपचारासाठी रुग्णालयात राहावे लागले. एकाच छपराखालच्या चार मुलांची चार आयुष्ये झाली.

दुसरे पथ्य : पुस्तकावरून रोगनिदान करू नये. आईला अमुक आजार होता, बापाला तमुक होता, असे अनेक वाचक ठामपणे सांगतात. मी ते टाळतो. समोर बसून तपासल्याशिवाय मनोविकाराचे निदान होत नाही. आणि आत्मकथन म्हणजे केसपेपर नव्हे. त्यात एका माणसाची आठवण असते, आणि आठवण दर वेळी काढताना थोडी नव्याने रचली जाते. याचा अर्थ ती खोटी असा नव्हे. मुलाला काय वाटले हे तरी त्यातून खरे कळते.

तिसरे पथ्य : आईबापांना राक्षस ठरवण्याची घाई करू नये, आणि त्यांना माफ करून टाकण्याचीही नको. वॉल्स यांच्या पुस्तकाचे मोठे बळ हेच की ती बापावर प्रेमही करते आणि त्याने केलेले नुकसानही लपवत नाही. अनेक रुग्ण मला विचारतात, ‘इतका त्रास दिला, तरी वडिलांची आठवण येते. माझ्यात काही दोष आहे का?’ दोष काही नाही. ज्या हाताने मारले त्याच हाताने तारे दाखवले असतील, तर मुलाच्या मनात दोन्ही हात राहतात. व्यसनाच्या आजारावर राग आणि माणसावर माया, हे एकाच मनात मावते.

आणखी एक सूचना. अशा घरात स्वतः वाढलेल्या वाचकाला पुस्तक वाचताना झोप उडणे, छातीत धडधडणे, जुने प्रसंग डोळ्यांपुढे येणे असे होऊ शकते. तसे झाल्यास पुस्तक मिटून ठेवावे. संपवलेच पाहिजे असा नियम नाही. बरे वाटल्यावर पुन्हा उघडावे, आणि वाचलेले जवळच्या एखाद्याशी बोलावे.

स्वतः लिहिण्याचाही उपयोग होतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनातील सर्वांत दुखऱ्या अनुभवाबद्दल लिहायला सांगितले. जे घडले आणि त्या वेळी जे वाटले, ती दोन्ही लिहिणारे विद्यार्थी पुढील काही महिन्यांत दवाखान्याकडे कमी वेळा गेले. लिहिल्यानंतर लगेच मात्र उदास वाटते, हेही त्यात दिसले. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा माफकच आढळला आहे. पण वहीला फारसा खर्च नाही. शुद्धलेखनाची चिंता करू नये, कुणाला दाखवू नये, हवे तर फाडून टाकावे. मन फारच ढवळून निघाले तर थांबावे आणि तज्ज्ञाला भेटावे.

आपल्या गावात काय करता येईल?

शिक्षकांनी लक्ष ठेवावे. वारंवार पोटदुखी-डोकेदुखी, वर्गात पेंगणे, डबा न आणणे, मोठ्या वयात अंथरूण ओले होणे, कुणालाही घरी न बोलावणे, किंवा अति शहाणपणाने वागणे, या खुणा आहेत. एकटी खूण काही सिद्ध करत नाही, पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर मुलाशी एकांतात, प्रेमाने बोलावे. ‘तुझे बाबा पितात का?’ असे विचारण्यापेक्षा ‘घरी झोप नीट होते का?’ असे विचारावे. मूल लगेच सांगणार नाही. तुम्ही विचारले हे मात्र ते विसरणार नाही. लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली तर ती गावात मिटवण्याचा प्रयत्न करू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

न पिणाऱ्या जोडीदाराने मुलांपाशी खोटे बोलू नये. ‘बाबांना बरे नाही’ यापेक्षा ‘बाबांना दारूचा आजार आहे, तो तुमच्यामुळे झालेला नाही, आणि रात्री भीती वाटली तर आपण अमक्याकडे जायचे’ एवढे स्पष्ट सांगावे. जेवणाची, झोपेची, अभ्यासाची वेळ शक्य तेवढी पाळावी. मुलांना दारूच्या गुत्त्यावर बापाला बोलवायला पाठवू नये.

व्यसनी व्यक्तीसाठी जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात चौकशी करावी. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले ‘मुक्तांगण’ अनेकांना ठाऊक आहे. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली चळवळ महाराष्ट्रातील अनेक शहरांत सभा घेते आणि त्यासाठी फी नसते. फोनवर सल्ला हवा असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक त्रासासाठी टेली-मानस १४४१६, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि तातडीच्या संकटात ११२ हे क्रमांक आहेत. मुलांना १०९८ पाठ करून ठेवायला सांगावे.

रेक्स वॉल्स शेवटी हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वर्षानुवर्षांची दारू आणि सिगारेट शरीराने किती सोसावी? काचेचा महाल कधीच बांधला गेला नाही. मुलांना खरे म्हणजे महाल नकोच असतो. संध्याकाळी ठरल्या वेळी शुद्धीवर घरी येणारे माणूस, ताटात गरम भाकरी आणि शांत झोप एवढे त्यांना पुरते. ज्या घरात एवढेही नाही, त्या घरातील मुलाच्या ओळखीचे ते एक भरवशाचे मोठे माणूस आपण होऊ शकतो का, याचा विचार प्रत्येक वाचकाने करावा. त्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही.